दवाचं विरजण

“एकही अक्षर वेगळं नाही,” पडद्याकडे बघत प्लामेन म्हणाला. “काय गं रालित्सा, तुझी आजी डेअरीत कामाला होती का?”

वर्ग हसला. रालित्सा हसली नाही.

संगणकीय रेणूजीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला कामेनोवाबाईंनी सगळ्यांना घरून काहीतरी जिवंत आणायला सांगितलं होतं. कुणी पावाचं खमीर आणलं, कुणी कोबीच्या लोणच्याचं पाणी. रालित्साने रोडोपी डोंगरातल्या आपल्या गावाहून दही आणलं. स्तामेन आजोबांनी ते दिलं, पण जरा का-कू करतच. दह्यातल्या जिवाणूंचा डीएनए अक्षरांत उतरला. ती अक्षरं संगणकाने जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिली. निघालं ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं दही.

“या विषयाकडून काय अपेक्षा ठेवायची, असं विचारत होता ना?” बाई म्हणाल्या. “उत्तराची. ते आवडेलच असं नाही. रालित्सा, सोमवारी तू हे सगळ्यांसमोर मांड.”

ते दही नेवेना आजीचं होतं. दर वर्षी सेंट जॉर्जच्या सणाला ती पहाटे कुरणात जायची, गवतावरचं दव गोळा करायची आणि त्यातून नवं विरजण लावायची. गावात दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. ती गेल्यावर आजोबांनी तिचं शेवटचं विरजण दूध घालघालून जगवलं. ‘नेवेना अजून घरात आहे,’ असं ते म्हणत. आणि आता निकाल काय लागला, म्हणून त्यांचे सारखे फोन येत होते.

शनिवारी रालित्सा घरी गेली. आजोबांनी तिच्यापुढे दह्याचा वाडगा ठेवला.

“मग पोरी? काय म्हणतंय तुमचं यंत्र माझ्या बायकोबद्दल?”

खोटं सांगायचं, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. पहिला चमचा तोंडात गेला आणि ते वाक्य काही येईना.

“आजोबा, हे दुकानातलं आहे. तुम्ही मध्येच कधी विकतचं घातलंत का?”

“मी? छे!”

त्यांनी वाडग्यातलं एक चमचा दही स्वतः खाल्लं. मग त्यांनी मिशीला लागलेलं दही पुसलं.

“म्हणजे सापडलं यंत्राला. त्याचीच धास्ती होती मला.” ते खिडकीबाहेर बघू लागले. “विकतच्या दह्याला चंदेरी झाकण असायचं. दर सणाला ती दव घेऊन आली, की कोंबड्यांच्या खुराड्यामागे एक झाकण पडलेलं दिसायचं. शेजारीण महाचौकस. मग मी ते उचलून सफरचंदाच्या झाडाखाली पुरायचो.”

“आणि आजीला कधी बोलला नाहीत?”

“कशाला? तिनेही मला कधी विचारलं नाही, झाकणं जातात कुठे ते.”