नळीतला रंग

मास्तरांनी टाकीतलं पाणी आणि तपासणीच्या औषधाचे थेंब घातलेली काचेची नळी खिडकीशी धरली, शेजारी रंगांचा तक्ता धरला. पिवळी. म्हणजे पाण्यात अमोनिया नाही; असता तर हिरवी झाली असती. आठवड्यातली ही पाचवी तपासणी, आणि पाचही वेळा पाण्यात खोट नाही.

तरी टाकीत पाळलेला ऑक्टोपस दगडाला चिकटून पांढराफटक पडला होता. आठांपैकी एक हातही चार दिवसांत खायला टाकलेल्या खेकड्याकडे गेला नव्हता. धाप लागल्यासारखा त्याचा श्वास चालला होता. मास्तरांनी पाण्याचा खारटपणा मोजला, तापमान मोजलं. सगळं जागच्या जागी.

ऑक्टोपस विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, की गेल्या आठवड्यात तुम्ही गाळणी घासून लख्ख केलीत, त्यात पाणी साफ ठेवणारे जंतूही धुऊन गेले, तेव्हा अमोनियाच वाढला असणार. नळी पुन्हा नीट बघा. मास्तरांना ते झोंबलं. कापडगिरणीच्या रंगखात्याचा मास्तर म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंग जुळला की नाही, हे आजही त्यांच्या एका नजरेवर ठरत होतं. त्यांना पिवळा रंग कोण शिकवणार?

बायको चहा ठेवायला आली. जाता जाता तिची नजर नळीवर गेली.

"अहो, हिरवीगार झालीय की ही," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, चेष्टा करतेय. त्यांनी नळी उजेडात फिरवली, डोळे चोळले, पुन्हा पाहिली. पिवळीच. बायको हसत नव्हती.

दोघांनी मिळून टाकीतलं निम्मं पाणी काढलं आणि मीठ घालून तयार ठेवलेलं नवं पाणी भरलं. नळी आता बायको वाचत होती. दुपारपर्यंत हिरवा बराच फिका झाला, असं तिने सांगितलं. ऑक्टोपसचा श्वासही संथ झाला.

मास्तर मात्र टाकीसमोरून हलले नाहीत. महिन्यापूर्वी रंग चुकला म्हणून एका गिऱ्हाइकाचा सगळा माल परत आला होता, आणि त्यांनी साऱ्या खात्यासमोर खापर नानावर फोडलं होतं. वीस वर्षं हाताखाली राबलेला माणूस. त्याला कामावरून काढलं, तेव्हा तो एक अक्षर न बोलता डबा उचलून निघून गेला होता.

संध्याकाळी मास्तर त्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. नानाने दार उघडलं. आत या म्हणाला नाही, पण दार लोटलंही नाही.

"नाना, चूक तुझी नव्हती," मास्तर म्हणाले. "मलाच रंग दिसेनासे झालेत. आज कळलं."



"मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं, मास्तर. तुम्ही सांगाल त्या रंगाच्या मापात मी गुपचूप फरक करायचो. तो माल रंगवताना मात्र नेमके तुम्ही शेजारी उभे होतात."