धुतलेली ज्वारी

धान्यावर विषारी बुरशी धरू नये म्हणून खाण्यात चालणारी कोणती प्रिझर्व्हेटिव्ह वापरावीत, हे क्षिप्रा गुरुग्रामच्या प्रयोगशाळेत तपासायची. बुरशी धुऊन जाते, तिचं विष जात नाही, हे ती प्रत्येक ग्राहकाला बजावायची.

घरी बाल्कनीत विसरलेली, आईनं पाठवलेली ज्वारी बुरसली, तेव्हा ती फेकायला निघाली.

"फेंकना क्यों, दीदी? धोकर सुखा लूँगी," कामवाली फूलमती म्हणाली.

"अच्छा, ले जाओ."

रविवारी फूलमती त्याच ज्वारीच्या गरम भाकऱ्या घेऊन आली. क्षिप्राच्या लेकीनं तुकडा तोंडाजवळ नेला. क्षिप्रानं तो हिसकावून घेतला.

"क्या हुआ, दीदी? मेरे बच्चे तो रोज़ खा रहे हैं."

क्षिप्रानं मान वर केली नाही.

"इसे ज्वार नहीं पचती," ती म्हणाली.