टेबलाच्या पायाखालची कादंबरी

छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली, त्यामुळे पुस्तक उघडलं की मला गोष्ट दिसेना, नुसत्या चुका दिसायच्या. वाचनावरचं मनच उडालं. निवृत्तीनंतर एक जाडजूड कादंबरी मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. काल सुनेनं ती ओढून काढली आणि वाचत बसली. भाजी करपली तरी तिची मान वर होईना. डोळे घळाघळा वाहत होते. मी तिच्या खांद्यावरून डोकावून चाचरत म्हणालो, "या पानावर एक ओळ दोनदा छापलीये." "असेल हो बाबा! इथं रडू आवरेना, ओळी कोण मोजतंय?" तिचं कौतुक वाटलं, हेवाही वाटला. आज ती कामावर गेल्यावर मी पुस्तक हळूच उघडलं. संध्याकाळी तिनं ठेवलेला चहा डुगडुगत्या टेबलावर हिंदकळला, तरी माझं लक्ष नव्हतं. "काय बाबा, किती चुका सापडल्या?" मी ओला चष्मा पुसला. "अगं, बघायच्या राहूनच गेल्या."