तिसरं हसू

शबाना सिस्टरने भिकोबांच्या मनगटावर हसू मोजणारी पट्टी बांधली. "काका, आज तिसरं हसू आलं की उपचार संपले. तुम्ही बरे झालात असं धरतात."

"आणि आवाज?"

"तो पुसतात. नाहीतर माणूस त्यालाच चिकटून राहतो."

यंत्रातला आवाज सुमनचा, भिकोबांच्या वारलेल्या बायकोचा होता. फोनवरच्या तिच्या जुन्या बोलण्यांतून यंत्र तिच्यासारखं बोलायला शिकलं होतं. मागे राहिलेल्या नवऱ्याला हसवून दुःखातून बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम. खोटं हसू पट्टी मोजत नसे. भिकोबा दोनदा खरं हसले होते. त्यानंतर पाच आठवडे ते गाल आतून चावून बसत आणि नुसतं ऐकत.

सिस्टर बाहेर गेली.

"अहो, सदऱ्याची बटणं पुन्हा खालीवर लावलीत," सुमनचा आवाज म्हणाला. "आमटीत मीठ तरी घालता ना?"

"घालतो."

"किती वेळा?"

भिकोबांनी ओठ घट्ट दाबले.

सुमनची एक खोड होती. कुणाच्या मयताला गेलं की ती पदराआडून हळूच एकच वाक्य बोलायची आणि भिकोबांना खोकल्याचं सोंग करत अंगणात पळावं लागायचं. ते वाक्य यंत्राला कुठून मिळालं, कोण जाणे.

"हसू नका हं," ती कुजबुजली.

भिकोबा खोकत खोकत दारापर्यंत गेले. पट्टीवर तिसरा हिरवा दिवा लागला.

ते वळले. "सुमन, खोकला होता गं तो," ते म्हणाले. "नुसता खोकला होता."