जार्लाथचा नाच

बहिणीच्या लग्नाचा नाच रंगात आला होता आणि जार्लाथ हेशन भिंतीला टेकून तिसऱ्यांदा तीच लढाई सांगत होता. क्रिमियाच्या मोहिमेत, गोळ्यांच्या माऱ्यात, त्यानं दोन जखमी सोबत्यांना खंदकापर्यंत ओढत आणलं होतं. त्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, त्याजागी लाकडी पाय आला आणि छातीवर राणीच्या नावाचं पदक आलं. पाहुणे पदक हातात घेऊन उलटसुलट बघत होते. जार्लाथचे डोळे मात्र नाचणाऱ्यांच्या पायांवर होते.

नाच चालला होता तो घराच्याच दारावर. आईनं सकाळी ते बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणातल्या खळग्यावर आडवं टाकायला लावलं होतं. खाली पोकळी असली की टाचांचा ताल घुमतो. लढाईवर जायच्या आधी या दारावर जार्लाथसारखं नाचणारं आयर्लंडातल्या त्या तुअम गावाच्या आसपास कोणी नव्हतं. परत आल्याला दोन वर्षं झाली, पण तो त्यावर एकदाही चढला नव्हता.

दुपारी जमीनदाराची बग्गी फाटकाशी येऊन थांबली. साहेबांकडे डब्लिनहून मंडळी आली होती आणि त्यांना पदकवाला शिपाई बघायचा होता. गाडीवान फर्सी याच गावचा. निरोप सांगताना त्यानं मान वर केली नाही. आई हळूच म्हणाली, जाऊन ये बाबा, जमीन त्यांची आहे, उगाच वाकडं कशाला. जार्लाथ उठला आणि कोट झटकू लागला.

तेवढ्यात सबिना लाफी दारावरून उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. पूर्वी त्याच्याबरोबर तीच नाचायची.

"तुझी लढाई ऐकून ऐकून मला पाठ झालीय," ती म्हणाली. "हवं तर साहेबांना मी जाऊन सांगते. तू आधी माझ्याबरोबर एक फेरी नाच."

"या पायानं?"

"मग काय, साहेबांच्या पायानं?"

बाकावरच्या बाया खुदखुदल्या. जार्लाथ कानापर्यंत लाल झाला. क्षणभर त्यानं बग्गीकडे पाहिलं, मग छातीवरचं पदक काढून फर्सीच्या हातावर ठेवलं. मंडळींना हवं तितकं बघू दे, पण सांभाळून परत आण, असं बजावलं.

"आणि तुझं काय सांगू?" फर्सीनं विचारलं.

"सांग, माणूस कामात आहे."

आईनं छातीवर क्रूसाची खूण केली. फर्सीनं पदक टोपीत ठेवलं, टोपी मांडीवर घेतली आणि घोड्याला टिचकारी दिली. बग्गी वळणाआड गेली तरी त्याचं हसणं ऐकू येत होतं.

जार्लाथ दारावर चढला. पहिल्या दोन पावलांना तो घसरला. सबिनानं हात दिला नाही. पूर्वीसारखीच समोर उभी राहून ती नाचत राहिली. मग ताल सापडला. लाकडी पायाचा ठोका चामडी टाचेपेक्षा जड आणि खोल पडत होता. कोपऱ्यात बसून भात्याचे पाइप वाजवणाऱ्या आंधळ्या टिमला तो इतका आवडला की त्यानं लय वाढवली. जार्लाथनंही पाय उंच उचलला, गिरकी घेतली आणि सगळा भार टाकून आपटला.

कडाड आवाज झाला. फळी फुटून लाकडी पाय आत रुतला. पाइप थांबले. आई हातातला घडा तसाच टाकून धावली.

जार्लाथनं पाय ओढून पाहिला. हलेना. त्यानं खाली बघितलं, आईकडे बघितलं आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत आईनं हे हसणं ऐकलं नव्हतं. ती होती तिथेच थांबली.

त्यानं वाकून गुडघ्याखालचे पट्टे सोडले, सबिनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि एका पायावर सरळ उभा राहिला.

"झालं काय?" टिमनं वैतागून विचारलं. "थांबलात का?"

"पाय अडकलाय," सबिना म्हणाली. "माणूस सुटलाय. तुम्ही वाजवा."

टिमनं काखेत भाता दाबला. दाराच्या मधोमध लाकडी पाय एकटाच ताठ उभा होता आणि नवरा-नवरीसकट सगळं अंगण त्याच्याभोवती नाचत होतं.