उकाड्यातले मोजे

"एवढ्या उकाड्यात मोजे! नखरे नुसते," मी पुटपुटले, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या नववीनं ऐकलं.

पीटीचा तास मोबाइलवर. उड्या नीट दिसाव्यात म्हणून मुलींना फोन जमिनीवर ठेवायला सांगितले होते. पडदाभर नुसते पायच पाय. आठवडाभर प्रणालीच्या पायांत मात्र मोजे. फरशीवर घसरशील, म्हटलं तरी ऐकेना. दुखापत लपवतेय का? की घरात कुणी मारतंय?

"प्रणाली, आधी मोजे काढ."

एकेक करत बाकीच्या मुलींनी कॅमेरे बंद केले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

तिनं मोजे उतरवले. बोटांत नवीकोरी जोडवी होती.

"लग्न लावलं माझं, बाई," ती म्हणाली. "पटावरचं नाव नका ना काढू."