सात नंबरची खोली

“साहेब, ती वीट काढू नका.”

दार लागू नये म्हणून उंबऱ्यावर ठेवलेली वीट नेमकी फोटोच्या मधोमध येत होती. ओसाड पडलेलं वेड्यांचं इस्पितळ, पोपडे सुटलेल्या भिंती, आणि मध्ये ही नवीकोरी लाल वीट! खोलीत उभ्या फोटोग्राफरने ती बुटाने बाहेर ढकलली. म्हातारा सकाळपासून त्याच्या डोक्यात जात होता. तीस वर्षं इथेच वॉर्डबॉय, आता रखवालदार. कमरेला किल्ल्या आणि तोंडाचा पट्टा सतत चालू.

“काका, बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय.”

म्हातारा तोंड वाकडं करून व्हरांड्यात गेला. फोटोग्राफर कॅमेरा तिपाईवर बसवत होता, तेवढ्यात पोलादी दार आपल्याच वजनाने फिरलं आणि खटका बसला. त्याने कडी शोधली. आतल्या बाजूला कडी नव्हतीच. फोन बाहेर बॅगेत होता.

“काका, उघडा!”

दारातली झडप सरकली. म्हाताऱ्याचे डोळे दिसले.

“आधी गप्प बसा. मग उघडतो.”

फोटोग्राफरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण आपल्याला गप्प बसवणार? त्याने दारावर लाथा घातल्या. आईमाईवरून शिव्या दिल्या. नोकरी घालवीन म्हणाला, पोलिसांत देईन म्हणाला. “मी काय वेडा आहे का?” हेही ओरडून झालं. दर वेळी झडप सरके आणि तेच उत्तर येई.

मग त्याला खरोखरच भीती वाटू लागली. खोलीत मुताचा जुना वास होता. वरच्या गजांतून आलेलं ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. त्याने विनवण्या केल्या, म्हाताऱ्याला बाबा म्हटलं, पाया पडतो म्हटलं, रडलाही. शेवटी घशातून आवाज निघेना, तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसला. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

बऱ्याच वेळाने किल्ली फिरली. म्हातारा पाण्याचा पेला घेऊन आत आला. चेहऱ्यावर राग नव्हता, की खोडी काढल्याचा आनंद नव्हता. पेला त्याने फोटोग्राफरच्या ओठांना लावला आणि मायेने डोक्यावरून हात फिरवला.

“झालात की नाही बरे? इथल्या सगळ्यांना मी असंच बरं केलंय.”